पहिलं नको

४ फेब्रुवारी, मंगळवार

दरवर्षी वेस्टपोर्टच्या दुकानदाराकडे माझ्या नावाची एक डायरी बाजूला ठेवलेली असते. रोजचं एक पान. कुणाला किती वाजता दवाखान्यात सोडायचं, कुणाला बिंगोला, कुणाला मातीला, सगळं त्यात लिहायचं. किलाडीन गावात टॅक्सी एकच आणि ती मॅलाकी डरकनची, म्हणजे माझी. यंदा मी डब्लिनजवळच्या रुग्णालयात पडलेलो असतानाही त्याने डायरी ठेवली, आणि माझी बहीण डिम्पना रविवारी ती घेऊन आली.

"यात काय लिहू? सकाळी आठ, पलंगावर डाव्या कुशीला, दहा, उजव्या?" मी विचारलं.

"काहीही लिही, पण माझं डोकं खाऊ नकोस," ती म्हणाली.

तर लिहितो. गेल्या जुलैत म्हातारी बिडी गॅव्हनची पन्हळ साफ करायला शिडीवर चढलो. ती दोनदा "नको रे बाबा" म्हणाली, पण दोनदाच. तेवढं तर आमच्याकडे कुणीही म्हणतं. तिसऱ्यांदा म्हणाली असती तर मी थांबलो असतो. शिडी सरकली, पाठीचा कणा मोडला. कमरेखाली आता काही कळत नाही. हात शाबूत, तोंड शाबूत. तोंडाबद्दल डिम्पनाला जरा वाईट वाटत असावं.

६ फेब्रुवारी

ऑक्युपेशनल थेरपी म्हटल्यावर मला वाटलं, नोकरी लावून देणारी बाई येणार. छान दाढी करून बसलो. आली ती फेमका हूकस्ट्रा, हॉलंडची, चाळिशीची, माझ्याहून उंच. अर्थात आता सगळेच माझ्याहून उंच. तिने माझ्या हातात माझीच पँट ठेवली.

"घाला," ती म्हणाली.

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर. मी मदत करणार नाही. कसं करायचं ते सांगेन."

आपण रोज जी कामं करतो, कपडे, आंघोळ, चहा, घराबाहेर पडणं, ती नव्या शरीराने परत शिकवायची, हा तिचा धंदा. पलंगावर लोळून, एकेक पाय हाताने उचलून, या कुशीवर, त्या कुशीवर. अख्खी सकाळ त्या एका पँटीत गेली. ती जाईपर्यंत विनोद करत होतो. ती गेली आणि मी रडलो. शेजारच्या पलंगावरच्या ह्युई बॉनरने टीव्हीचा आवाज वाढवला, तेवढं बरं केलं.

२१ फेब्रुवारी

पलंगावरून चाकांच्या खुर्चीत यायला एक गुळगुळीत फळी असते. तिचं एक टोक मांडीखाली सरकवायचं आणि हातांच्या जोरावर घसरत जायचं. आज कुणी न धरता गेलो. मधूनमधून हातांवर अंग उचलून धरायचं, नाहीतर बसल्या जागी कातडी सडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे फेमकाने इतक्या शांतपणे सांगितलं, जणू दूध नासतं म्हणून सांगतेय.

तिथल्या सरावाच्या स्वयंपाकघरात तिच्यासाठी चहा केला. खुर्चीवरून, मांडीवर ट्रे ठेवून. ती एक घोट प्यायली आणि म्हणाली, "चहा वाईट आहे. पण सांडला नाही. उत्तम." असली बाई मी जन्मात पाहिली नाही. आमच्याकडे कुणी चहा वाईट म्हणत नाही, गुपचूप झाडाच्या कुंडीत ओततात.

४ मार्च

आज एक घडलं, ते नीट लिहितो.

घरी खुर्चीसाठी दाराशी उतार आणि न्हाणीघर स्थानिक कौन्सिल करून देणार आहे, फेमकाच्या अहवालावर. गाडीचं मात्र कौन्सिल काही करत नाही. आणि माझं सगळं अडलंय ते गाडीवर. आमच्या घरापासून दुकान पाच मैल, बस आठवड्यातून दोनदा, तीही वळणावर न थांबता निघून जाते. डिम्पनाला गाडी येत नाही. गाडी नसेल तर मी आयुष्यभर खिडकीत बसून मेंढ्या बघणार, आणि टॅक्सीचा धंदा संपला तो संपलाच.

फेमका म्हणाली, "पाठीचा कणा दुखावलेल्यांना मदत करणारी एक संस्था आहे. हाताने चालवायची गाडी करून देतात, शिकवणीचाही खर्च देतात. शिफारस मी करायची. एप्रिलच्या अकरा तारखेपर्यंत अर्ज घेतात. तुमचं नाव देऊ का?"

मला तर ती हवीच होती. आणि मी काय म्हणालो? जे कुणीही शहाणासुरता माणूस म्हणेल तेच. "छे छे, नको. माझ्याहून गरजू लोक असतील. त्यांना द्या."

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता मोजे."

मी थांबलो. एक मोजा झाला, दुसरा झाला. वाटलं, आता विचारेल. ती वही मिटून पुढच्या पलंगाकडे गेली!

७ मार्च

नाही विचारलं.

१२ मार्च

आवारात सरावासाठी एक जुनी गाडी उभी आहे. खुर्चीतून सीटवर कसं जायचं, खुर्चीची चाकं काढून ती अंगावरून पलीकडे कशी टाकायची, ते तिथे शिकवतात. फेमका ह्युईला घेऊन जाते. मला नाही. ह्युई डोनेगलचा, बोटीवरून धक्क्यावर आपटलेला. तिने त्याला विचारलं तेव्हा हा गडी पहिल्या फटक्यात "हो, द्या" म्हणाला. लाज नाही माणसाला.

"तूही माग की," ह्युई म्हणाला.

"मी का मागू? तिने विचारायला नको?"

"तिने विचारलं ना?"

"एकदाच!"

ह्युई छताकडे बघत बसला.

मी आपला आडून आडून प्रयत्न केला. खिडकीपाशी जाऊन म्हटलं, "छान गाडी आहे हं ती. मी तेवीस वर्षं टॅक्सी चालवली." फेमका म्हणाली, "हो, छान आहे," आणि माझ्या खांद्याचं दुखणं विचारू लागली. मी म्हटलं, "हात रिकामे राहिले की माणूस खचतो." तिने मला सुतारकामाच्या वर्गात घातलं. आता मी पक्ष्यांसाठी घर करतोय.

मला कळून चुकलंय. मी गाडी चालवण्याच्या लायकीचा नाही असं तिचं मत झालंय. त्या दिवशी औपचारिकता म्हणून विचारलं, मी नको म्हटल्यावर सुटले म्हणाली असेल.

१६ मार्च, रविवार

डिम्पना आली. तिला दर पंधरा दिवसांनी कॉलमन स्टाँटन घेऊन येतो. वेस्टपोर्टच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, डिम्पना तिथे गाते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. अबोल माणूस. एवढ्या लांब गाडी चालवून येतो, दहा मिनिटं माझ्याशी हवामानावर बोलतो आणि मग खाली गाडीत जाऊन बसतो. मी डिम्पनाला म्हटलं, निदान डिझेलचे तरी दे त्याला. ती म्हणाली घेत नाही. मी म्हटलं, तीनदा दे, घेईल. ती उगाच लाल झाली. त्याला गाडी चालवायचीच हौस असावी, काहींना असते.

आज ती नवा निळा कोट घालून आली होती. दवाखान्यात यायला नवा कोट! मी चिडवलं तर म्हणाली, "सेलमध्ये होता."

मग मी विषय काढलाच. म्हटलं, "मी एप्रिलअखेर घरी येणार. गाडीचं काही जमेलसं दिसत नाही. म्हणजे सगळं तुझ्यावर पडणार. तुझे दुसरे काही बेत असतील तर सांग."

"माझे कसले बेत?" ती संत्रं सोलत म्हणाली. "छे. मला कुठे जायचंय?"

जीव भांड्यात पडला. ती आपल्या तोंडानेच म्हणाली, म्हणजे प्रश्न मिटला.

२७ मार्च

मी फेमकाशी दोन दिवस धड बोललो नाही. तिने खुर्ची ओढून समोर बसकण मारली.

"मॅलाकी, तुम्ही चिडला आहात का?"

"छे, मी मजेत आहे."

"ठीक आहे," म्हणाली आणि गेली. ह्युई उशीत तोंड खुपसून हसत होता. त्याच्याशीही बोलणं बंद.

एकटा असताना खरं सांगायचं तर मी चिडलेलो नाही, घाबरलोय. गाडीत बसलो की मी कुणीतरी असायचो. मागच्या सीटवर लोक काय काय बोलायचे, रडायचे, सोयरिकी जुळवायचे. अख्ख्या गावाचं गुपित माझ्या आरशात दिसायचं. आता ते नसेल तर मी उरतो काय?

१० एप्रिल, गुरुवार

घरी जाऊन आलो! घरभेट असते, दारं किती रुंद, पलंग किती उंच, हे थेरपिस्टने बघायचं. रुग्णालयाच्या गाडीतून मी, चालक आणि फेमका. खाडी दिसायला लागली तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

डिम्पनाने टेबल असं मांडलं होतं जणू बिशप येणार आहेत. हॅम, ब्राऊन ब्रेड, रूबार्बच्या आंबट देठांचं गोड टार्ट. चालक बिचारा आमच्याकडचाच, दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा बसला. फेमका हातात मोजपट्टी घेऊन उभी.

"चहा घ्या," डिम्पना म्हणाली.

"नको, धन्यवाद."

डिम्पनाने कप भरला.

"मी नको म्हणाले," फेमका म्हणाली. रागाने नाही, माहिती म्हणून.

"हो हो. दूध घालू?"

"पण मला नकोय."

"अगं, लाजतेस काय अशी? एक घोट घे. आणि टार्टचा एवढासा तुकडा." एवढासा म्हणजे माझ्या पंजाएवढा.

फेमकाने मोजपट्टी खाली ठेवली. "मी दोनदा नको म्हणाले. तुम्हाला ऐकू येतंय ना?"

"पहिलं नको कुठे धरायचं असतं, पोरी?" डिम्पनाला खरोखरच आश्चर्य वाटलं. "ती रीत असते. पहिल्याला लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतं. दुसऱ्याला जरा नरम व्हायचं. तिसऱ्याला घ्यायचं. आणि विचारणाऱ्याने एकदाच विचारलं, तर त्याला द्यायचंच नव्हतं असं समजायचं."

फेमका हळूच माझ्याकडे वळली. मी टार्टमध्ये लक्ष घातलं.

"मॅलाकी. मार्चमध्ये मी गाडीचं विचारलं होतं."

"विचारलं असेल."

"तुम्ही नको म्हणालात."

"म्हणालो असेन."

"ते पहिलं नको होतं?"

ती मटकन खुर्चीत बसली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली, जे भाषांतर न करताही समजलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला गाडीची भीती बसली आहे. सक्ती करायची नाही म्हणून मी गप्प राहिले. त्या गाडीकडे तुम्हाला नेलं नाही, कारण तुम्हाला त्रास होईल. मला वाईट वाटत होतं तुमच्यासाठी! रोज!"

"मला वाटलं, मी लायक नाही."

"तुम्ही वॉर्डातले सर्वांत लायक आहात. आणि सर्वांत गाढव. अर्ज उद्या बंद होतायत." तिने चहाचा कप हातात घेतला, बहुतेक तिच्या लक्षातही आलं नाही. "आता ऐका. मी एकदाच विचारणार. आमच्याकडे एकदाच विचारतात. गाडी हवी आहे का?"

मला वाटलं होतं सोपं असेल. चोपन्न वर्षांचा घोडा झालो, पण पहिल्या खेपेला हो म्हणायची सवयच नाही. डिम्पना किटली हातात धरून उभी, चालक ब्रेडला लोणी लावायचं थांबलेला.

"हवी आहे," मी म्हणालो.

"का?"

हे तर त्याहून अवघड. पण एकदा तोंड उघडल्यावर थांबलंच नाही. म्हटलं, मला कुणाच्या तरी सोयीने जगायचं नाही. आईबापांच्या कबरीवर जायला मला कुणाला विनवायचं नाही. बिडी गॅव्हन दर महिन्याला आता डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशी जाते, ते मला ठाऊक नाही आणि त्याची मला लाज वाटते. आणि या खिडकीत बसून मी सडेन, हे मला आत्ताच या टेबलाशी बसून दिसतंय. फेमका भराभर लिहीत होती. डिम्पना भिंतीकडे तोंड करून किटली पुसत होती, ती आधीच स्वच्छ होती.

निघताना फेमकाने तिला विचारलं, "डिम्पना, आणि तुम्हाला काय हवं आहे?"

"मला? मला काही नको."

"हे पहिलं," फेमका म्हणाली. मला वाटलं, टार्टबद्दल बोलतेय.

२ मे

घरी येऊन आठवडा झाला. दाराशी केलेला उतार छान आहे. न्हाणीघरात मी राजासारखा असतो. बाकी वेळ रडतराऊत. पाऊस, मेंढ्या, खांदे दुखतात. बिडी गॅव्हन आली, माझ्याकडे बघून रडू लागली, मीच तिला समजावत बसलो. मी आल्यापासून डिम्पना गायनाला गेलेली नाही. म्हणाली, तिचा आवाज बसलाय. स्वयंपाकघरात गुणगुणताना मात्र चांगला लागतो.

२३ मे

मंजूर! गाडीला हाताची यंत्रणा, खुर्ची ठेवायची सोय आणि शिकवणी, सगळं. फेमकाचा फोन आला. मी तिला "कशाला एवढा त्रास घेतलात" म्हटलं. ती म्हणाली, "मॅलाकी, नुसतं थँक यू म्हणा." म्हटलं.

२५ जून

शिकवणीचा पहिला दिवस. स्टिअरिंगजवळ एक दांडा. ओढला की गाडी पळते, ढकलला की थांबते. गायींचा कळप आडवा आला आणि मी सवयीने पायाने ब्रेक मारायला गेलो. पाय अर्थातच बसल्या जागी. पाय ऐकत नाही हे ध्यानात येईपर्यंत हाताने दांडा ढकललेला होता, माझ्या आधी हाताला कळलं. शिकवणारा पांढराफटक पडला होता. मी मात्र हसत सुटलो, थांबेचना.

३ ऑगस्ट, रविवार

कागदपत्रं झाली, डॉक्टरांचा दाखला झाला, टॅक्सीचा फलक परत छतावर चढला. आज पहिलं गिऱ्हाईक डिम्पना. तिला वेस्टपोर्टच्या चर्चमध्ये मासला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला नेलं, गाण्याच्या मंडळीत पुन्हा उभी राहिली. मी मागे, खांबाशी खुर्ची लावून.

मास संपल्यावर कॉलमन बाहेर आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अभिनंदन, मॅलाकी. आता तूच तिला आणशील-नेशील." म्हटलं, हो, तुझी सुटका झाली. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा मी ओळखतो. हा तसा नव्हता. मी स्टिअरिंगशी जाऊन बसलो, तो गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिला, डिम्पना बसली, तिचा निळा कोट दारात अडकू नये म्हणून त्याने तो हळूच आत सारला. भर उन्हाळ्यात निळा कोट. आणि मी आरशात तिचा चेहरा बघितला. तेवीस वर्षं त्या आरशात मी लोकांची लफडी, सोयरिकी, भांडणं वाचली. गाव हसेल मला.

खाडीच्या वळणापर्यंत आलो. मग विचारलं, "डिम्पना, तुला कॉलमनशी लग्न करायचंय का?"

"छे! काहीतरीच तुझं. समोर बघ."

थोडं पुढे जाऊन परत विचारलं.

"आणि तुझं जेवणखाण? घरात तू एकटा काय करशील? उगाच कशाला या वयात," ती म्हणाली.

मी दांडा ढकलला आणि गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. "जेवण मला करता येतं, चहा वाईट होतो तेवढाच. तिसऱ्यांदा विचारतोय. करायचंय?"

ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत होती.

"ऑगस्टात करायचं ठरलं होतं," ती म्हणाली.

"या ऑगस्टात? आणि मला आत्ता सांगतेस?"

"मागच्या."

मागच्या ऑगस्टात मी डब्लिनला पलंगाला खिळलेला होतो, आणि ही रोज फोनवर सांगायची की इकडे सगळं ठीक आहे, माझी काळजी करू नकोस. मार्चमध्ये मी तिला एकदाच विचारलं होतं. संत्रं सोलत नाही म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला होता.

मी गाडी सुरू केली आणि परत वेस्टपोर्टकडे वळवली.

"अरे, घर इकडे आहे," डिम्पना म्हणाली.

"घर कुठे आहे ते मला माहीत आहे," मी म्हणालो आणि दांडा ओढला.